कावळ्यावाचूनचं आभाळ

उजेड आधी शिखरांना लागला.

हिमशुभ्र, निद्रामग्न, शतकानुशतकं एकमेकांशी अबोला धरून बसलेली ती शिखरं. पहाटेनं त्यांच्या माथ्यावर केशराचं एकेक बोट टेकवलं, आणि मग फार सावकाश, गुडघे दुखणाऱ्या माणसानं जिना उतरावा तसा, उजेड खाली यायला निघाला.

खाली खरोखरच जिना होता. पर्वताच्या अंगावर कोरलेला, वळणावळणांचा, हिरव्या-पिवळ्या-तपकिरी शेतांचा अफाट जिना. इंका राजांनी राज्य मांडायच्याही आधी कुणी तरी हातांनी रचलेले दगडी बांध. रचणाऱ्यांची नावं गेली, त्यांचे देव गेले, त्यांची भांडणं गेली. बांध राहिले. बांधांवर आजही बटाटा होतो, आणि बटाट्याला इतिहासाशी काही देणंघेणं नसतं.

आणि त्याच्याही खाली दरी. निळी, जांभळी, मग नुसतीच काळी. दरीला तळ आहे असं सांगतात. तळाशी नदी आहे असंही सांगतात. काठावरून दोन्ही दिसत नाहीत. माणूस विश्वासावर चालतो.

पेरू देशातल्या कोल्का नावाच्या या दरीच्या काठाशी रोज सकाळी जगभरचे प्रवासी कोंडोर बघायला गोळा होतात. कोंडोर म्हणजे गिधाडांतला चक्रवर्ती, पंख पसरले तर बैलगाडी झाकेल एवढा. त्या सकाळीही ते गोळा झाले होते. कठड्याला ओठंगून, कॅमेरे रोखून, श्वास रोखून. आणि सगळ्यांपासून जरा बाजूला, एका सपाट दगडावर पत्रावळ मांडून, कऱ्हाडच्या मालिनीबाई शिराळकर कावळ्याची वाट बघत होत्या.

*

पत्रावळ घरची होती, पळसाची, बॅगेत दोन साड्यांच्या मध्ये इस्त्री होऊन आलेली. तिच्यावर भाताची मूद, मुदीवर दही, दह्यावर काळे तीळ. अंगात मुलाचा जाड कोट, कोटातून डोकावणारा जरीचा काठ, पायांत निळे कॅनव्हासचे बूट. वाऱ्यानं पदर उडत होता आणि बाई तो गुडघ्याखाली दाबून बसल्या होत्या. एवढ्या वाऱ्यात एवढं स्थिर दुसरं काही त्या काठावर नव्हतं.

भात कच्चा होता. हॉटेलच्या मुदपाकखान्यात त्यांनी पहाटेच तो चढवला होता. पाणी लगेच खळखळलं, वाफेनं खिडक्या आंधळ्या झाल्या, पण तांदूळ ढिम्म. एकेक दाणा आपल्या मताला चिकटून. तेव्हा मालिनीबाईंना धक्का बसला. उंचावर पाणी लवकर उकळतं आणि भात मात्र शिजत नाही, असं मास्तर दर वर्षी सातवीच्या वर्गाला सांगत. आणि दर वर्षी घरी आल्यावर बायकोलाही सांगत. बायकोला ती थाप वाटे.

मास्तर खरं सांगत होते.

*

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. कऱ्हाडच्या शाळेत भूगोल शिकवत. अंगात काळा कोट, हातात खडू, डोळ्यांत कायम दुसऱ्याच कुठल्या खंडाचं हवामान. स्वतः ते फार उंच कधी गेले नाहीत. एकदा पाचगणीला गेले होते; पसरणीच्या घाटात गाडी लागली.

पण फळ्यावर ते अँडीज चढत. काळ्याभोर फळ्याच्या पश्चिम कडेनं, वरून खाली, एक थरथरती, उतावीळ, अखंड रेघ. मग खडू आडवा धरून रेघेवर हिम. मग दोन पावलं मागे, आणि अगदी हळू आवाजात, देवळात बोलावं तसं, "हे बघा."

वर्ग बघे. वर्गाला रेघ दिसे. मास्तरांना पर्वत दिसत.

मग तो पांढरा हात ते कोटालाच पुसत. बाह्यांवर हिम, कॉलरवर हिम. असा हिमाच्छादित माणूस तिन्हीसांजेला दारात उभा राही आणि मालिनीबाई उंबऱ्याच्या आतून म्हणत, अहो, आधी तो कोट झटका. सगळ्या संसारात हे वाक्य चुकलं नाही, आणि सगळ्या संसारात मास्तरांनी कोट झटकला नाही. त्या पर्वतांचा बाईंना मनातून रागच होता. कुठले कुठले डोंगर, आणि धुणं आपल्याला.

गेल्या भाद्रपदात मास्तर गेले. तक्रार न करता, दुपारचा चहा अर्धा ठेवून.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड मांडला. कावळे होते. झाडभर होते. काळे, चकाकते, शोकसभेला वेळेवर आलेल्या पुढाऱ्यांसारखे. पण एकही खाली उतरेना.

मुलानं हात जोडून सांगितलं, आईला अंतर देणार नाही. कावळ्यांनी नदीकडे पाहिलं. धाकट्या दिरांनी गावाकडच्या विहिरीचा वाद मिटवायचं कबूल केलं. एका कावळ्यानं चोच फांदीला घासली. शाळेच्या हेडमास्तरांनी पुढे होऊन, शाळेत सरांची तसबीर लावू, असं जाहीर केलं. दोन कावळे उठून गेले.

ऊन चढलं. भटजींनी शेवटी दर्भ काढले आणि दर्भाचा कावळा वळायला घेतला. तेव्हा मागे, बायकांत उभ्या असलेल्या मालिनीबाईंच्या तोंडून, त्यांनाही न विचारता, शब्द बाहेर पडले.

"तुमचे ते डोंगर मी बघून येते."

झाडावरून काळी ठिणगी सुटली. पंखांचा एक फटकारा, चोचीचा एक टोला, आणि भात उडाला.

सगळे थक्क झाले. सगळ्यांत थक्क झाल्या त्या मालिनीबाई. कारण ते डोंगर नेमके कुठल्या देशात आहेत, हे त्यांना धड ठाऊक नव्हतं.

*

म्हणून हे वर्ष. म्हणून पासपोर्ट, लशींच्या सुया, लोकरी मोजे, आणि पुण्याहून निघालेला हा प्रवासी मेळा, ज्याच्या सामानात कपड्यांपेक्षा चिवडा जास्त होता.

गेले काही दिवस बाई बघत होत्या आणि दचकत होत्या. चुन्याच्या थेंबाशिवाय सांधलेल्या भिंती बघितल्या, पात्याला शिरायला फट नाही अशा. उभ्या कड्याच्या कपारीत बांधलेली जुनी धान्याची कोठारं बघितली, पाखरांच्या घरट्यांसारखी. कड्याच्या पोटातली थडगी बघितली. त्यांत पूर्वी मेलेली माणसं, गुडघे छातीशी घेऊन, उगवतीकडे तोंड करून बसवलेली असत, जणू सकाळच्या गाडीची वाट बघत. दूरवर एक ज्वालामुखी धूर सोडत होता, अगदी निवांत, जेवण झालेल्या सासऱ्यासारखा.

आणि एका माळावर त्यांनी एक धोंडा बघितला. धोंड्यावर कुणी तरी, फार फार पूर्वी, या सगळ्या दरीची शेतं बोटाबोटाएवढी कोरली होती. इवले बांध, इवले पाट, इवल्या पायऱ्या. बाई त्या धोंड्यापाशी कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. इथेही कुणी तरी मास्तर होऊन गेला होता. त्याच्याही बायकोनं त्याच्या अंगरख्यावरची दगडाची भुकटी झटकली असणार, आणि त्यानंही तिचं ऐकलं नसणार.

प्रत्येक ठिकाणी एकच धक्का, नवा होऊन बसे. मास्तर खरं सांगत होते. रेघ खरी होती. हिम खरं होतं. खोटी होती ती आपली उंबऱ्यावरची जांभई.

आणि आज वर्षाची तिथी. घरी मुलानं श्राद्ध यथासांग केलं होतं. पण घाटावर शब्द दिला होता तो बाईंनी, आणि शब्द पाळला हे मास्तरांना कळलं की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. दुसरं काही नको. एक कावळा, एक चोच. मग त्या परतीच्या विमानात निश्चिंत झोपणार होत्या.

"काव, काव," बाईंनी हाक घातली. हळू, मग जरा मोठ्यानं. दरीनं ती हाक घेतली आणि परत केली नाही.

*

मेळ्याचा व्यवस्थापक अद्वैत, कोथरूडचा, गोड, कायम दमलेला तरुण. त्याला वाईट वाटलं. त्यानं स्थानिक वाटाड्याला, विल्बरला, विचारलं की इथले कावळे सकाळचे कुठे बसतात. विल्बरला पक्षी कळेना. अद्वैतनं मोबाइलवर चित्र दाखवलं. विल्बरनं चित्र नीट बघितलं, मान हलवली, आणि जे सांगितलं ते ऐकून अद्वैतच्या हातातला चहा थंड झाला.

तो बाईंपाशी येऊन उकिडवा बसला.

"काकू, इथं कावळा नाही."

"उठला नसेल अजून. थंडी केवढी आहे."

"तसं नाही. या देशात नाही. शेजारच्या देशांतही नाही. अख्ख्या दक्षिण अमेरिकेत कावळा हा पक्षीच नाही."

मालिनीबाईंनी वर पाहिलं.

केवढं आभाळ. निळं, नितळ, निष्कलंक, या टोकापासून त्या टोकापर्यंत घासूनपुसून ठेवलेलं. आणि त्यात कावळा नाही. आज नाही, काल नव्हता, कधीच नव्हता. नारळाच्या झावळीवर नाही, विजेच्या तारेवर नाही, कुणाच्याही परसातल्या उष्ट्यावर नाही. पाहुणे येणार म्हणून ओरडायला नाही, पितरं आली म्हणून उतरायला नाही. एवढ्या थोरल्या खंडात माणसं जन्मली, नांदली, मेली, आणि त्यांचा घास न्यायला कुणीही आलं नाही.

मास्तरांनी हे शिकवलं नव्हतं. वारे शिकवले, सागरी प्रवाह शिकवले, चांदीच्या खाणी शिकवल्या. लामा काय खातो ते शिकवलं. कावळा नाही, हे नाही शिकवलं.

बाईंच्या छातीत काही तरी सुटलं आणि त्या न दिसणाऱ्या तळाकडे पडत गेलं, पडत गेलं. ज्या मातीची मास्तरांना जन्मभर ओढ, नेमकी तिथूनच निरोप जायची सोय नाही. साऱ्या पृथ्वीला वळसा घालून त्या अशा दारापाशी आल्या होत्या, ज्याला कडी नव्हती.

*

मेळ्यानं धीर सोडला नाही. मराठी माणूस परमुलुखात एरवी दुसऱ्याला ओळख देत नाही, पण श्राद्ध म्हटलं की कामाला लागतो. मिरजेच्या नाडगौडांनी मोबाइलवरून कावळ्याचा आवाज लावला, पुरता मोठा. त्या पुरातन, पर्वतवेष्टित शांततेत एक कर्कश, घरगुती, ओळखीचं ओरडणं घुमलं. उतारावर चरणाऱ्या, लामाच्या जातीच्या लोकरी अल्पाकांनी लांब माना वर केल्या आणि नाडगौडांकडे असं काही पाहिलं, की त्यांनी आवाज बंद केला.

अद्वैतनं डोंगरावरचं पिवळं, राठ गवत उपटून त्याचा कावळा वळला. झाली कोंबडी. कुणी तरी म्हणालं, भाव महत्त्वाचा.

"खोटा नको," बाई म्हणाल्या. "नकाशात चुकलेलं गावसुद्धा त्यांना खपत नव्हतं."

 वारा तेवढा पत्रावळीच्या टाक्यांशी चाळा करत राहिला.

*

जवळच एक बाई लोकरीच्या टोप्या विकत बसली होती. तिचं नाव सातुर्निना. भरतकामानं फुललेली टोपी, घेरदार परकर, उन्हा-थंडीनं तांब्यासारखा तापलेला चेहरा. सकाळपासून ती हे सगळं पाहत होती: बाई, पत्रावळ, आभाळ, कोंबडी. आता ती उठली, विल्बरला हाक मारली, आणि समोर येऊन उभी राहिली.

तिचं बोलणं विल्बरकडे जाई, विल्बरचं अद्वैतकडे, अद्वैतचं बाईंकडे; आणि तसंच उलटं. चहाची किटली हातोहात फिरावी तसे शब्द फिरत होते, कोमट होत होते, पण सांडत नव्हते.

हे जेवण कुणाचं, तिनं विचारलं. नवऱ्याचं, बाईंनी सांगितलं; वर्ष झालं. मग कुणी खात का नाही? पाखरू यावं लागतं. पाखरू कशाला, सातुर्निनाला खरोखरच नवल वाटलं. आमच्याकडे वर्षातून एकदा मेलेले येतात, थडग्यावर त्यांचं जेवण मांडतो, आणि जो कुणी त्यांच्यासाठी प्रार्थना करील तो ते जेवतो. तो जेवला की ते जेवले.

"मेलेल्याला तोंड कुठलं?" ती म्हणाली. "आपणच द्यायचं असतं."

आणि तिनं टोपी काढून बाजूला ठेवली, दगडासमोर मांडी घातली, आणि पत्रावळीकडे हात नेला.

मालिनीबाईंचा हात तिच्या हातावर जाऊन आदळला. अंगावर सर्रकन काटा आला. कावळ्याचा घास, जित्या माणसाच्या तोंडात. कऱ्हाडच्या घाटावर त्या भाताची सावली कुणी ओलांडली नसती, आणि ही हसतमुख, ओठांच्या कडेला दात नसलेली, कुठली कोण बाई सरळ जेवायला बसली होती. मागे मेळ्यात कुणाचा तरी श्वास अडकला. नाडगौडांनी तोंड फिरवलं.

सातुर्निना दचकली नाही. हात तसाच ठेवून तिनं विचारलं, त्याचं नाव काय?

"शिराळकर मास्तर," अद्वैतनं मधूनच सांगितलं.

ते नाही, ती म्हणाली. हिनं सांगायला हवं. नाव घेतल्यावाचून खाल्लं तर घास मला लागेल, त्याला कसा लागेल?

*

नाव.

लग्नात एकदा घेतलं होतं, चांदीच्या वाटीशी जुळवून. डोहाळजेवणात एकदा, रेशमाच्या गाठीशी. तिथं यमकाचा पडदा होता. पडद्याआडून नाव हळूच येऊन गेलं होतं. नुसतं, उघडं, एकटं ते नाव त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं. हाक मारली ती अहो म्हणून. मास्तर गेले त्या दुपारीही, अर्ध्या चहाशी उभं राहून, त्या अहो, अहो असंच ओरडल्या होत्या. ती नावानं मारलेली हाक नव्हतीच. म्हणून तर वळले नसतील?

समोर सातुर्निनाचा हात, उबदार, खरबरीत, वाट बघणारा. पलीकडे हिम. अलीकडे कच्चा भात. मध्ये कावळ्यावाचूनचं आभाळ.

बाईंनी आपला हात उचलला.

"दिगंबर," त्या म्हणाल्या.

आणि आपल्याच आवाजानं चपापल्या. किती कोवळा निघाला तो. जणू कुणी तरी नवी नवरी त्यांच्या आत एवढी वर्षं, बोलायची परवानगी मिळायची वाट बघत बसली होती.

"दिगाम्बार," सातुर्निना म्हणाली. जपून, चव घेतल्यासारखं. तिनं डोळे मिटले, आपल्या देवाला आपल्या भाषेत काही सांगितलं. भूमीला पहिला मान म्हणून आपल्या थर्मासमधला थोडा चहा दगडापाशी शिंपडला. मग घास घेतला आणि चावला. त्या निःशब्द प्रचंडतेत कच्च्या तांदळाचा कुरकुर आवाज स्पष्ट ऐकू आला.

भात शिजलेला नाही, असा निरोप विल्बर-अद्वैत मार्गे आला.

"असू दे," मालिनीबाई म्हणाल्या. "त्यांना कारण माहीत आहे."

सातुर्निना जेवत राहिली. दही, तीळ, शेवटचं शीत. बोटं पुसली, बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काही तरी म्हणाली. या खेपेला अद्वैतला ते सांगायला जरा वेळ लागला.

"काकू, ती म्हणतेय, लांबून आलाय, भुकेला होता."

मालिनीबाई रडल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या त्या रित्या पत्रावळीकडे, वाळलेल्या, उजळलेल्या, हिरव्या-तपकिरी, सहा-सात पानांच्या त्या छोट्या खंडाकडे, ज्याच्यावर आता काहीही उरलं नव्हतं.

*

तेव्हाच कठड्याशी कालवा उठला आणि तसाच गोठला.

ऊन दरीत उतरलं होतं. तळाची हवा तापली, हलली, वर निघाली; आणि त्या हवेच्या पाठीवर बसून, पंख न हलवता, घाई न करता, तो आला. काळोखातून सुटलेला काळोखाचा तुकडा. आधी पाखराएवढा, मग घारीएवढा, मग कशाहीएवढा नाही. कॅमेरे उचललेल्या माणसांना बटण दाबायचं सुचेना.

मालिनीबाई कठड्यापाशी आल्या. सगळं जग गरुड-गिधाडं खालून बघतं. इथं माणूस वर असतो आणि पक्षी खाली; म्हणून बाईंना तो पाठीकडून दिसला.

काळा. लांब, रुंद, दोन्ही बाजूंना सैल पसरलेला काळा. गळ्याभोवती पांढरी कॉलर. आणि दोन्ही बाह्यांवर, वरच्या बाजूनं, पांढरंशुभ्र, फासलेलं, पुसलेलं, निष्काळजी हिम.

 बाईंनी कठड्याचा दगड धरला. तोंडातून शब्द बाहेर पडले ते सवयीनं, त्यांना न विचारता, जसे घाटावर पडले होते, जसे रोज तिन्हीसांजेला उंबऱ्यावर पडत.

"अहो, आधी तो कोट झटका."

पक्ष्यानं एक पंख किंचित कलता केला, क्षणभर, ऐकल्यासारखा. झटकला नाही. जन्मभर झटकला नव्हता.

तो तसाच सावकाश वळला, कड्याच्या काळ्याभोर फळ्यावरून, पश्चिमेच्या कडेकडेनं, खालून वर, खालून वर. आणि जिथून तो गेला तिथं, हिमापर्यंत, उन्हात थरथरत राहिली एक उतावीळ, अखंड, पांढरी रेघ.